जुलैतला रविवार आणि एकच रिमोट

सप्रेम नमस्कार,

आमच्या घरात माणसं तीन आणि टीव्ही एक. मी कसोटी क्रिकेटची जुनी भक्त. इंग्लंडमधली मालिका असली की पहिल्या चेंडूपासून ठाण मांडून बसते. नवरा काही वर्षांपूर्वी गोल्फला लागला. ‘द ओपन’ या ब्रिटनमधल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेचे चार दिवस तो कुणाचाच नसतो. आणि आता सोळा वर्षांच्या मुलाला सायकल शर्यतींनी झपाटलंय. टूर द फ्रान्सच्या तीन आठवड्यांत त्याला एकही टप्पा चुकवायचा नसतो. जुलैत हे तिन्ही एकदम येतं. गेल्या वर्षी मी तासांची वाटणी करून कागद भिंतीला चिकटवला. एक तास क्रिकेट, एक गोल्फ, एक सायकल. भांडणं दुप्पट झाली. माझ्या तासात पाऊस आणि नवऱ्याच्या तासात विकेट! मुलगा म्हणतो, “पाच दिवस खेळून निकाल लागत नाही, त्यात काय बघायचं?” मी म्हणते, “पाच तास नुसती पायडलं मारतात, त्यात तरी काय बघायचं?” नवरा काहीच बोलत नाही, फक्त चॅनेल बदलतो. दुसरा टीव्ही घ्यावा का? की मीच क्रिकेट मोबाइलवर नेऊ?

– घरातली थर्ड अंपायर

थर्ड अंपायर ताई,

दुसरा टीव्ही घेऊ नका. कारणं पुढे सांगते, पण निर्णय आधी कळलेला बरा. आणि क्रिकेट मोबाइलवर नेण्याचा त्यागही करू नका. असा त्याग करणारी माणसं पुढची दहा वर्षं तो ऐकवतात.

तुमचा कागद फसला तो घरच्यांच्या स्वभावामुळे नाही. तास सारखे असते तर वाटता आले असते. या तिन्ही खेळांत ते सारखे नसतात. कसोटीतला सकाळचा पहिला तास आणि साठाव्या षटकाच्या पुढचा, चेंडू मऊ पडल्यावरचा तास, यांची किंमत एक नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सायकलच्या सपाट टप्प्यातले पहिले तीन तास आणि शेवटची दहा मिनिटं यांची तर तुलनाच नको. गोल्फमधली गुरुवारची सकाळ आणि रविवारचे अठरांतले शेवटचे नऊ होल हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक खेळ कुठे तापतो ते पाहून वाटणी करा. तसं पाहिलं की तुमचे तीन खेळ तुम्हाला वाटतं तितके एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

आता तिथल्या घड्याळाने हिशोब मांडू. तुमच्या घड्याळात तो बदलून घ्या. इंग्लंडमधली कसोटी साधारण अकराला सुरू होते. एक ते एक चाळीस लंच, तीन चाळीस ते चार चहापान, सहाला खेळ संपायचा. षटकं उरली तर आणखी अर्धा तास. टूरचा टप्पा बहुधा फ्रान्सच्या घड्याळात पाच-साडेपाचला संपतो. फ्रान्स इंग्लंडच्या एक तास पुढे, म्हणजे इंग्लंडात तेव्हा चार-साडेचार वाजलेले असतात. शर्यतीचा कळीचा भाग चहापानाला चिकटून येतो तो असा. ‘ओपन’च्या रविवारी आघाडीवरची जोडी दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला खेळायला निघते आणि फेरीला चार तासांहून जास्त लागतात. शेवटचे नऊ होल साडेचारच्या पुढे, निकाल साडेसहा-सातला. तोवर कसोटीतले पंच बेल्स उचलायच्या बेतात असतात. हे कुणी मुद्दाम आखलेलं नाही, पण तुमच्या घरासाठी आखल्यासारखं आहे.

मुलाच्या खेळापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तुमचा तिथेच आहे. “पाच तास नुसती पायडलं” हे वाक्य कसोटी बघणाऱ्या बाईच्या तोंडी शोभत नाही. लोक तुमच्या खेळाबद्दल शब्द बदलून नेमकं हेच म्हणतात.

त्या पाच तासांत काय चाललेलं असतं? टूरमधला प्रत्येक संघ आठ जणांचा. त्यातला बहुधा एकच जिंकायला आलेला असतो. बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, तो पडला तर थांबतात. पुढच्याच्या मागे चिकटून चालवणाऱ्याची ताकद जवळपास एक तृतीयांश वाचते आणि सगळी शर्यत या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून सुरुवातीला चार-पाच जण पुढे सटकतात तेव्हा मोठा घोळका त्यांना खुशाल जाऊ देतो. पाठलाग सुरू होतो शेवटी. त्यासाठी फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना आडाखा आहे: घोळक्याला एक मिनिट भरून काढायला दहा किलोमीटर लागतात. तीस किलोमीटर राहिलेत आणि पुढच्यांकडे दोनच मिनिटं आहेत? मग ते सापडणार. साडेतीन मिनिटं असतील तर घोळक्यातल्या संघांची एकमेकांत चिडचिड सुरू होते, कारण पुढे होऊन ओढायचं कुणी, हे ठरत नाही. तुम्ही आयुष्यभर आवश्यक धावगतीचा हिशोब मनात केलाय; हा त्याचाच भाऊ आहे. एकदा मुलाशेजारी बसून तो आकडा करत शेवटचे चाळीस किलोमीटर बघा.

डोंगरात मात्र सूत्र पालटतं. चढावर वेग उतरला की मागे चिकटून राहण्याचा फायदाही उतरतो, आणि कुणाच्या पायात किती जोर उरलाय ते उघडं पडतं. पिवळी जर्सी म्हणजे आतापर्यंतचा सगळा वेळ मिळवून सगळ्यात कमी वेळ घेणाऱ्याची. ती सपाटीवर फारशी हलत नाही, कारण घोळक्यातून एकत्र आलेल्या सगळ्यांना एकच वेळ देतात. ती हलते डोंगरात आणि एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायच्या टप्प्यात. १९८९ साली शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटरचं अंतर एकेकट्याने मारायचं होतं. तीन हजारांहून जास्त किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली.

म्हणजे मुलाच्या हक्काचं काय? सपाट टप्प्याचा शेवटचा अर्धा तास. डोंगराच्या टप्प्याची शेवटची चढण पूर्ण, मग ती तासाभराची का असेना. एकेकट्याच्या टप्प्यात पहिल्या दहातले खेळाडू निघाल्यापासून पुढे. त्याला टप्पे एकवीस असले तरी खरे निर्णायक पाच-सहा. मार्गाचा नकाशा महिनोन्‌महिने आधी जाहीर होतो. ते सहा त्यानेच निवडून सांगावेत. सोळा वर्षांच्या मुलाला निवड करायला लावली की तो वकिलासारखा अभ्यास करतो. आणि एखादा टप्पा चुकला तर जग बुडत नाही, हेही त्याला सांगा. ही शर्यत १९०३ मध्ये सुरूच केली ती ‘लोटो’ नावाच्या वर्तमानपत्राने, खप वाढवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायची म्हणूनच ती जन्माला आली. पिवळी जर्सी १९१९ साली आली, त्या पत्राचा कागदही पिवळा होता. आजही रस्त्याच्या कडेला अर्धा दिवस उभ्या राहिलेल्या प्रेक्षकासमोरून सपाटीवरचा घोळका मिनिटभरात निघून जातो.

नवरोबांचं प्रकरण सोपं आहे. गोल्फच्या मोठ्या स्पर्धा वर्षात चारच, त्यातली जुलैत एक. ‘ओपन’ला गुरुवारी दीडशेहून जास्त खेळाडू सुरुवात करतात, दोन दिवसांनंतर पहिले सत्तर आणि त्यांच्या बरोबरीचे एवढेच पुढे जातात. त्या दोन दिवसांत पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी मैदानात असतं आणि कॅमेरा इथून तिथे उड्या मारत असतो. माझं मत विचाराल तर गुरुवार-शुक्रवारचं गोल्फ बघण्यापेक्षा त्याचा गुणफलक बघणं जास्त रंगतदार आहे. मोबाइलवर फलक उघडून ठेवायचा. समुद्राकाठच्या त्या मैदानांवर सकाळी वारा पडलेला आणि दुपारी सुटलेला असला की नुसत्या दुपारच्या गटात नाव आल्यामुळे चांगला खेळाडू घरी जातो, आणि ते फलकावर स्वच्छ दिसतं. तेव्हा गुरुवार-शुक्रवार त्यांनी सोडावेत. शनिवारी संध्याकाळचा तास-दीड तास त्यांचा. आणि रविवारी आघाडीची जोडी दहाव्या होलवर आली की रिमोट त्यांच्या हातात, निकाल लागेपर्यंत. तिथे वाद नाही, “फक्त एक ओव्हर बघू दे” नाही.

तुम्हाला गोल्फमधलं फारसं कळत नसेल तर एवढं पुरे: प्रत्येक होलला किती फटके अपेक्षित आहेत ते ठरलेलं असतं, ते म्हणजे पार, एकाने कमी म्हणजे बर्डी, एकाने जास्त म्हणजे बोगी. बाकी सगळा खेळ माणूस आपल्याच डोक्याशी कसा हरतो याचा आहे. ते बघायला नियम लागत नाहीत.

त्यासाठी २२ जुलै २०१२चा रविवार सांगते. त्या दिवशी तुमचं घर असतं तर पोलीस बोलवावे लागले असते. ओव्हलवर हाशिम आमला नाबाद ३११ पर्यंत पोचला. दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजाने कसोटीत काढलेलं पहिलं त्रिशतक. पॅरिसमध्ये ब्रॅडली विगिन्स टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश सायकलपटू ठरला. पण मला आवडतं ते वेगळंच. पिवळी जर्सी अंगावर असताना, काही गरज नसताना, शेवटच्या किलोमीटरमध्ये तो स्वतः पुढे होऊन आपल्या संघातल्या मार्क कॅव्हेंडिशसाठी वारा कापत होता, आणि कॅव्हेंडिशने तो टप्पा मारला. इकडे ‘ओपन’मध्ये रॉयल लिदमच्या मैदानावर ॲडम स्कॉट चार होल राहिले असताना चार फटक्यांनी पुढे होता. त्याने चारही होलवर बोगी केली. एर्नी एल्स आपली फेरी संपवून सरावाच्या हिरवळीवर थांबला होता, आणि एका फटक्याच्या फरकाने तो विजेता झाला. स्कॉटने पुढच्या एप्रिलमध्ये मास्टर्स ही गोल्फची दुसरी मोठी स्पर्धा जिंकली, हे जाता जाता सांगते, नाहीतर तुम्हाला रात्रभर त्याचीच काळजी.

आणि लगेच पुढच्या वर्षी, २१ जुलै २०१३च्या रविवारी, लॉर्ड्सवर इंग्लंडने चौथ्या दिवशी उतरत्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाला हरवलं, म्युअरफील्डला ‘ओपन’मध्ये फिल मिकलसन त्या दिवशी सुरुवातीला पाच फटके मागे असून जिंकला, आणि शंभराव्या टूरचा शेवट पॅरिसमध्ये अंधारून येताना झाला. असे रविवार येतातच. त्यासाठी घरात एकच नियम ठेवा: ज्याची स्पर्धा आज कायमची संपतेय त्याचा हक्क आधी. कसोटी गुरुवारी सुरू झाली असेल तर रविवार तिचा चौथाच दिवस असतो, तिला सोमवार उरलेला असतो. गोल्फला नसतो. मात्र कसोटी बुधवारी सुरू झाली असेल आणि रविवार हाच पाचवा दिवस असेल, तर हा नियम तुमच्याही बाजूने बोलेल. टूरच्या शेवटच्या दिवशी पिवळ्या जर्सीवाल्यावर परंपरेने सहसा हल्ला करत नाहीत. त्या दिवशी पॅरिसमधल्या शेवटच्या काही फेऱ्या पाहिल्या तरी मुलाचं काही बुडत नाही. तो कबूल करणार नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्हाला आवडणार नाही, पण या घरात सर्वांत जास्त सोडायचं तुम्हालाच आहे, कारण सर्वांत जास्त आहे तुमच्याकडेच. पाच कसोट्यांची मालिका म्हणजे पंचवीस दिवस, रोजची नव्वद षटकं. त्यापुढे नवऱ्याची एक स्पर्धा आणि मुलाचे सहा टप्पे म्हणजे काहीच नाही.

सोडा म्हणजे ऐकायचं सोडा असं नव्हे. तिघांत फक्त क्रिकेट असं आहे जे कानाने पूर्ण कळतं. चेंडू, टप्पा, फटका, क्षेत्ररक्षक, पुन्हा गोलंदाजाची चाल, एवढ्या सावकाशीने चालतं की सांगणाऱ्याला सगळं सांगता येतं. बीबीसीचं कसोटीचं धावतं वर्णन रेडिओवर १९५७ पासून चाललंय ते उगाच नाही. सायकलचं वर्णन नुसतं ऐकून बघा. आडनावांची यादी ऐकल्यासारखं वाटतं. गोल्फचं तर समालोचकच कुजबुजतात. तेव्हा पडद्यावर गोल्फ, एका कानात क्रिकेट, ही सोय तुम्हाला एकटीलाच उपलब्ध आहे. मात्र विकेट पडल्यावर ओरडायचं नाही. पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका, मारायला वाकलेल्या खेळाडूपेक्षा जास्त दचकतो तो सोफ्यावरचा माणूस.

काही गोष्टी मात्र सोडू नका. रोजचा पहिला तास. ऐंशी षटकांनंतर नवा चेंडू घेतला की पुढची आठ-दहा षटकं. आणि चौथ्या डावातला पाठलाग रंगात आला असेल तर सगळाच. ४ ऑगस्ट २०२५ला ओव्हलवर पाचव्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी हातात होते, आणि त्या चारांतला ख्रिस वोक्स खांदा निखळल्याने हात झोळीत घालून खेळायला आला. तासाभरात खेळ खलास: सिराजने शेवटचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला, मालिका २-२. असला तास कुणाशी वाटून घ्यायचा नसतो. सुदैवाने तो सोमवार होता, टूर आणि ‘ओपन’ दोन्ही जुलैतच आटोपले होते.

दुसऱ्या टीव्हीला मी का नको म्हणाले ते आता कळलं असेल. तो आला की मुलगा त्याच्या खोलीत जाईल, आणि तीस किलोमीटर राहिले असताना दोन मिनिटांत कोण सापडणार याचा हिशोब तुम्ही कुणाशी कराल? सोळा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर एका खोलीत रोज दोन तास बसायला तयार आहे, आणि तुम्ही पैसे खर्च करून त्याला बाहेर काढायला निघालात. त्यापेक्षा रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती वापरा. डोंगराचा टप्पा रात्री पाहिला तरी रंगतो, फक्त निकाल कुणी फोडायचा नाही. या कलमाला शिक्षा ठेवा. फोडणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा रिमोटचा हक्क गेला. माझा अंदाज आहे की पहिली शिक्षा नवरोबांना होईल. गप्प माणसं निकाल मात्र सांगून टाकतात.

पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, तुम्ही आणखी एक ओळ खरडली आहे: पाचव्या दिवशी दुपारी “आता ड्रॉच होणार” म्हणून नवरा क्रिकेट बंद करतो, ते चालेल का?

नाही. १२ जुलै २००९ला कार्डिफला ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा करून डाव सोडलेला होता, आणि शेवटी इंग्लंडची शेवटची जोडी उरली: जेम्स अँडरसन आणि मॉन्टी पानेसर. दोघेही गोलंदाज. त्यांनी ६९ चेंडू खेळून काढले. ड्रॉ झाला. पुढे इंग्लंडने ती मालिका २-१ अशी जिंकली, म्हणजे त्या ६९ चेंडूंत एक विकेट पडली असती तर सगळं गणित वेगळं झालं असतं. त्या षटकांची चित्रफीत शोधा, नवरोबांना समोर बसवा आणि शेवटपर्यंत दाखवा. मध्येच त्यांनी रिमोटकडे हात नेला, तर पुढच्या ‘ओपन’चा शनिवार तुमचा.